बुद्धिबळ खेळणारा संगणक : शोधाचा वेग कसा वाढवावा

गेल्या जून महिन्यात शाळा उघडली त्या आठवड्यात कनेरगाव नाका येथील एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचा मुलगा नववीच्या वर्गात आमच्याजवळ गणित शिकतो. उन्हाळ्याच्या सुटीत त्याने घरच्या जुन्या संगणकावर बुद्धिबळ खेळणारी एक आज्ञावली स्वतः रचिली होती. ती नियमाप्रमाणे खेळे, कोणतेही मोहरे भलत्या घरात नेत नसे. परंतु तिचा विचार फार मंद चाले. तीन चाली पुढचे पाहावयास सांगितले तर ती चटकन उत्तर देई, चार सांगितल्या तर रेंगाळे, आणि पाच सांगितल्या तर मुलगा जेवून, हात धुऊन परत येई तरी पडदा जसाच्या तसा असे.

"गुरुजी," ते गृहस्थ म्हणाले, "पोरगं म्हणतंय, नवा कॉम्प्युटर घेतला की दुप्पट वेगानं चालंल. हळदीचे पैसे हातात हायत, पर विहिरीवरची मोटर बी जळाली हाय. आता काय करावं ते तुम्हीच सांगा."

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. आठ दिवसांची मुदत मागून घेऊन आम्ही मुलास संध्याकाळी वही घेऊन बोलाविले. त्या आठ दिवसांत, व त्यानंतर सहा महिने, त्या मुलासह आम्ही जे शिकलो ते येथे मांडीत आहोत. अशा जुन्या संगणकावर असे काहीतरी करून पाहणारी मुले आमच्या शाळेत आणखीही आहेत, आणि त्यांच्या पालकांपुढे हाच प्रश्न आज ना उद्या येणार.

प्रथम संगणक बुद्धिबळ खेळतो म्हणजे काय करतो ते पाहू. त्यास डावपेच कळत नाहीत. मी ही चाल केली तर प्रतिपक्ष कोणकोणत्या चाली करील, त्या प्रत्येकीवर मी काय करीन, अशा फांद्या तो पसरीत जातो. ठरावीक खोलीवर थांबून पटावरील मोहऱ्यांची किंमत करतो. आणि त्या किमतींवरून मागे येत पहिली चाल ठरवितो. (येथे एका बाजूने एकदा मोहरे हलविले की ती एक चाल, असे मोजावयाचे.) आता ह्या फांद्या किती होतात ते विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. डावाच्या आरंभी पांढऱ्यास २० चाली असतात : प्याद्यांच्या १६ व घोड्यांच्या ४. काळ्यासही तितक्याच, म्हणून दोन चालींनंतर ४०० प्रकार झाले. तिसऱ्या चालीनंतर ८,९०२ होतात, चौथीनंतर १,९७,२८१, पाचवीनंतर ४८,६५,६०९, सहावीनंतर ११,९०,६०,३२४ आणि सातवीनंतर ३,१९,५९,०१,८६०. ह्या संख्या अंदाजाच्या नव्हेत. त्या मोजलेल्या आहेत व जगभर आज्ञावली रचणारे त्या कसोटी म्हणून वापरतात. आपल्या यंत्राने मोजलेली संख्या ह्यांहून एकानेही निराळी आली तर कोठेतरी एखादा नियम चुकला आहे असे निश्चित समजावे. आमच्या विद्यार्थ्याची संख्या पहिल्या आठवड्यात पाचव्या चालीवर चुकत होती. वेगाची गोष्ट त्यानंतरची.

आता नव्या संगणकाचा हिशेब करू. त्याचा जुना संगणक एका सेकंदात १०,००० पट तपासतो असे धरिले, तर चार चालींस २० सेकंद लागतील, पाचांस ८ मिनिटांहून किंचित अधिक, आणि सहांस ३ तास १८ मिनिटे. दुप्पट वेगाचा संगणक आणिला तर सहा चालींस १ तास ३९ मिनिटे लागतील. म्हणजे हळदीचे पैसे खर्चूनही पूर्ण एक चाल पुढची दिसत नाही! पाच चालींस लागणाऱ्या वेळात सहा पाहावयाच्या तर यंत्र साडेचोवीस पट वेगवान पाहिजे, आणि सातवी पाहण्यास त्याच्याही जवळजवळ सत्तावीस पट. क्लॉड शॅनन ह्या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली ह्या विषयावरचा प्रसिद्ध निबंध छापिला. त्यात त्याने बुद्धिबळाच्या संभाव्य डावांची संख्या १ वर १२० शून्ये इतकी अंदाजिली होती, व सर्व फांद्या पाहून खेळणे कोणत्याही यंत्रास शक्य नाही हे तेव्हाच दाखविले होते.

आठ दिवसांनी आम्ही त्या गृहस्थांस मोटर दुरुस्त करावयास सांगितले. मुलगा दोन दिवस आमच्याशी नीट बोलला नाही.

त्यानंतर कामास आरंभ झाला. आपल्या आज्ञावलीचा वेळ कोठे जातो ह्याविषयी मुलाची पक्की समजूत होती की मोहऱ्यांची किंमत करण्यात तो जातो. आम्ही त्यास तर्क न करता मोजावयास लाविले. मोजल्यावर असे दिसले की, प्रत्येक चालीपूर्वी तो संपूर्ण पटाची नवी प्रत करीत होता, चौसष्टच्या चौसष्ट घरांची, व वेळेचा मोठा भाग ह्या नकला उतरण्यातच जात होता. त्याऐवजी एकाच पटावर चाल करावी, पुढचे पाहावे, व ती चाल जशी केली तशीच मागे घ्यावी, हे सोपे आहे. फक्त मारलेले मोहरे व किल्लेकोटाचा हक्क आठवणीने परत ठेवावा लागतो. ह्या एका बदलाने वेग चांगला वाढला. पायथनमध्ये लिहिलेली आज्ञावली सी भाषेत लिहिली तर वेग कित्येक पटींनी वाढतो हेही खरे, आणि त्यास पैसा लागत नाही. परंतु वरील हिशेब पाहता अशा सर्व वाढीने एखादी चाल पुढची दिसेल, फार तर दोन. म्हणून आम्ही ते काम मागे ठेविले.

खरा लाभ आहे तो न पाहण्यात. आमच्यापुढे दोन चाली आहेत असे समजा. पहिल्या चालीवर प्रतिपक्षाची तीन उत्तरे संभवतात, आणि त्यांनी आमच्या पदरी अनुक्रमे ३, १ व २ गुण पडतात. प्रतिपक्ष आमचे हित पाहणारा नसल्यामुळे तो १ गुणाचेच उत्तर देईल. तेव्हा पहिल्या चालीची किंमत १. आता दुसरी चाल घेतली, आणि तिच्यावरील पहिल्याच उत्तराने आमचा हत्ती जाऊन उणे ५ गुण होतात असे दिसले. मग तिच्यावरील उरलेली २९ उत्तरे पाहण्याचे कारण काय? ती कितीही चांगली असोत, प्रतिपक्ष ती देणार नाही. ही चाल पहिलीपेक्षा वाईट हे ठरून गेले. किती वाईट हे जाणून उपयोग नाही. ह्या युक्तीस आल्फा-बीटा छाटणी म्हणतात. आल्फा व बीटा ही दोन्ही पक्षांनी तोवर पदरात पाडलेल्या मर्यादांची नावे. १९५० नंतरच्या वर्षांत ती अनेक संशोधकांस निरनिराळी सुचली.

एकदा ते गृहस्थ मुलास न्यावयास आले असता मुलगा फळ्यावर हेच समजावून सांगत होता. ते दारात उभे राहून ऐकत होते. ऐकून म्हणाले, "म्हंजी मोंढ्यातल्यासारखंच की. पोत्यात हात घातला अन् पहिल्याच मुठीत किडकं हळकुंड आलं, तर सगळं पोतं कोण उपसतंय?"

दृष्टांत चांगला आहे, आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती पाहिलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस तो लगेच पटेल. त्यात एकच उणीव आहे, आणि पुढचा सारा धडा त्या उणिवेतच आहे. किडके पोते टाकून देता येते ते केव्हा? त्याहून बरे पोते आधी हाती लागले असेल तेव्हा. सगळ्यांत वाईट पोती आधी पाहिली व चांगले शेवटी आले, तर प्रत्येक पोते मागच्याहून किंचित बरे निघत जाईल आणि शेवटपर्यंत सर्व उपसावीच लागतील. म्हणजे छाटणीचा लाभ होणे न होणे हे पाहण्याच्या क्रमावर अवलंबून आहे. डोनाल्ड नुथ व रोनाल्ड मूर ह्यांनी १९७५ साली ह्याचे नेमके गणित मांडिले. प्रत्येक पटावर ३० चाली आहेत व सहा चाली खोल पाहावयाचे आहे असे घ्या. छाटणी नसेल तर ३० चा सहावा घात, म्हणजे ७२,९०,००,००० पट पाहावे लागतात. प्रत्येक ठिकाणी उत्तम चाल सर्वप्रथम पाहिली तर किती? ३० चा घन २७,०००. त्याची दुप्पट, उणे एक : ५३,९९९. हा आकडा आम्ही तीनदा पडताळून पाहिला. गिदोनाच्या ३२,००० लोकांतून शेवटी ३०० उरले ती छाटणी आम्हांस लहानपणापासून फार कठोर वाटत आली आहे; येथे तर १३,५०० त एक उरतो, आणि तरीही उत्तर तेच येते, रेसभरही निराळे नाही. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, क्रम उत्तम असेल तर तितक्याच श्रमात जवळजवळ दुप्पट खोल पाहता येते. हे काम दुप्पट वेगाच्या यंत्राच्याने होणारे नव्हे.

परंतु उत्तम चाल कोणती हे आधीच ठाऊक असते तर शोध करावयाचा कशाला? अशी शंका एका विद्यार्थिनीने काढिली, आणि ती अगदी योग्य होती. उत्तर असे की, निश्चित ठाऊक असण्याची गरज नाही, बरा अंदाज पुरतो. मारामारीच्या चाली आधी पाहाव्या. त्यांतही लहान मोहऱ्याने मोठे मारणे सर्वांत आधी, प्याद्याने वजीर मारणे अगदी प्रथम, आणि वजिराने प्यादे मारणे मागाहून. शेजारच्या फांदीत ज्या चालीने प्रतिपक्षाचा बेत हाणून पाडिला, ती चाल ह्या फांदीतही आधी करून पाहावी. पुष्कळदा तीच येथेही लागू पडते. ह्या दोन नियमांस मुलास दोन संध्याकाळ पुरल्या.

तिसरी युक्ती प्रथमदर्शनी मूर्खपणाची वाटते. पाच चाली पाहावयाच्या असल्या तरी आधी एकच चाल खोल पाहावी, मग पुन्हा पहिल्यापासून दोन, मग पुन्हा तीन, असे करीत पाचांस पोहोचावे. मुलगा म्हणाला, "सर, मग तेच काम पाच वेळा होईल." आम्ही त्यास वरच्या संख्यांची बेरीज करावयास सांगितले. पहिल्या चार खोलींची बेरीज २,०६,६०३ होते, आणि पाचवी एकटी ४८,६५,६०९. म्हणजे आधीच्या साऱ्या खेपांचा खर्च पाचवीच्या शेकडा सव्वाचार. तेवढ्या खर्चात काय मिळते, तर आधीच्या खेपेत जी चाल उत्तम ठरली ती पुढच्या खेपेत सर्वप्रथम पाहता येते, आणि छाटणीस हवा असलेला क्रम आपोआप सापडतो. शिवाय वेळ संपला तर मागच्या खेपेचे उत्तर हाती असतेच. आम्हांस स्वतःस ही युक्ती सर्वांत अधिक आवडली.

ह्यानंतर स्मरणाचा भाग येतो, आणि येथेच आमच्या विद्यार्थ्यास ठेच लागली. बुद्धिबळात निरनिराळ्या वाटांनी तोच पट पुन्हा येतो. एकदा तपासलेला पट लक्षात ठेविला तर दुसऱ्यांदा तपासावा लागणार नाही. पण लाखो पट लक्षात ठेवून त्यांतून हवा तो क्षणात काढावा कसा? आल्बर्ट झोब्रिस्ट ह्यांनी १९७० साली सुचविलेली रीत अशी : प्रत्येक मोहऱ्यास प्रत्येक घरासाठी एक स्वैर संख्या आधीच नेमून द्यावी. दोन्ही रंगांची मिळून १२ प्रकारची मोहरी व ६४ घरे, म्हणून ७६८ संख्या झाल्या. पटावर जी मोहरी असतील त्यांच्या संख्या एका विशेष क्रियेने एकत्र केल्या की त्या पटाची खूण तयार होते. ही क्रिया दिव्याच्या बटणासारखी आहे : एकदा दाबिले की लागतो, पुन्हा दाबिले की विझतो. मोहरे घरात आणिताना त्याची संख्या मिसळावी. उचलताना तीच पुन्हा मिसळावी, म्हणजे ती निघून जाते. त्यामुळे चाल झाली की साऱ्या पटाची खूण नव्याने काढावी लागत नाही. ही खूण ६४ द्विमान अंकांची असते. बुद्धिबळ शोधणाऱ्याने राजाजवळ पहिल्या घरास एक, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास चार असे दुप्पट गहू मागितल्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या गव्हांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होते, आणि ६४ द्विमान अंकांत मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच.

मुलाने ही रीत डिसेंबराच्या आरंभी बसविली आणि आज्ञावली जणू धावू लागली. स्नेहसंमेलनात ती पाहुण्यांसमोर खेळून दाखवावी असे ठरले, कार्यक्रमपत्रिकेत तसे छापूनही झाले. वर्गातील सर्वांस ती हरवीत होती. संमेलनास दोन दिवस उरले असता सकाळच्या प्रार्थनेपूर्वी मुलगा आमच्याजवळ आला. "सर, ते चुकीचं खेळतंय," एवढेच तो म्हणाला. त्याने काय केले होते, तर जुनी मंद आज्ञावली फेकून न देता जपून ठेविली होती, आणि रात्री एकच पट दोघींसही तितक्याच खोलीने पाहावयास दिला होता. दोघींची उत्तरे निराळी आली. ही गोष्ट त्याच्याखेरीज कोणासही कळली नसती. कार्यक्रमातून आपले नाव काढावे असे त्याचे म्हणणे होते.

आम्ही नाव काढिले नाही, पण चूक दोन दिवसांत सापडली नाही तर काढू असे कबूल केले. ती दुसऱ्या रात्री सापडली. वाचकांनी ती स्वतः पट मांडून पाहावी. पांढऱ्याने राजापुढील प्यादे एकदम दोन घरे नेले, काळ्याने कडेचे प्यादे एक घर नेले : आता पाळी पांढऱ्याची. पट पुन्हा मांडा. पांढऱ्याने तेच प्यादे एकच घर नेले, काळ्याने कडेचे प्यादे एक घर नेले, पांढऱ्याने आपले प्यादे आणखी एक घर पुढे नेले : आता पाळी काळ्याची. दोन्ही पट डोळ्यांस हुबेहूब सारखे, परंतु एकात पांढरा खेळणार आणि दुसऱ्यात काळा! मुलाच्या ७६८ संख्यांत पाळीसाठी संख्याच नव्हती, म्हणून यंत्र एका पटाचे उत्तर दुसऱ्यास देत होते. पाळीसाठी १, किल्लेकोटाच्या हक्कांसाठी ४, आणि दोन घरे गेलेले प्यादे जाता जाता मारण्याच्या नियमासाठी ८, अशा आणखी १३ संख्या लागतात, एकूण ७८१. हे स्मरण वापरणाऱ्याने दुसरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जेथे छाटणी झाली तेथे मिळालेले गुण नेमके नसतात. ते 'निदान इतके' किंवा 'फार तर इतके' असतात. लिहून ठेवताना ह्यांपैकी कोणते ते गुणांशेजारीच लिहावे, नाही तर हीच फजिती पुन्हा होते.

छाटणीचे आणखीही प्रकार आहेत, पण ते निराळ्या जातीचे. आपली पाळी सोडून दिली तरी आपलीच सरशी राहते असे दिसल्यास ती फांदी अधिक पाहू नये, हा त्यांपैकी एक. त्याने वेग फार वाढतो, परंतु तो शेवटी अंदाज आहे. डावाच्या अखेरीस थोडी मोहरी उरली असता, कोणतीही चाल करणे हेच संकट असते अशा पटांत, तो फसतो. आल्फा-बीटाने उत्तर कधीच बदलत नाही, ह्याने बदलू शकते. नववी-दहावीच्या मुलांनी इतक्यात ह्याच्या वाटेस जाऊ नये असे आमचे मत आहे.

उलट काही फांद्या नेहमीपेक्षा अधिक खोल पाहणेही आवश्यक असते. मारामारी अर्ध्यावर असता थांबले तर हाती आलेला हिशेब खोटाच असावयाचा. 'डीप थॉट' नावाच्या यंत्राने १९८८ साली बेंट लार्सन ह्या ग्रँडमास्टरास हरविले. ते रचणाऱ्यांत बनारसला शिकलेले थॉमस अनंतरामन हे भारतीय होते, आणि एखादी चाल इतर सर्व चालींहून फारच सरस दिसली तर तेवढीच अधिक खोल पाहावी, ही त्या यंत्रातील रीत त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी मांडिली. पुढे 'डीप ब्लू' ह्या यंत्राने ११ मे १९९७ रोजी जगज्जेत्या कास्पारोव्हवर साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी विजय मिळविला. ते सेकंदास सुमारे २० कोटी पट पाहत असे, आणि तितक्या प्रचंड वेगाच्या यंत्रासही आल्फा-बीटा सोडता आली नाही.

स्नेहसंमेलनात आमच्या विद्यार्थ्याची आज्ञावली त्याच जुन्या संगणकावर तीन डाव खेळली. दोन जिंकली व एक हरली. सहा चालींचे उत्तर ती आता मुलगा पाणी पिऊन येईपर्यंत देते. त्याचे वडील पहिल्या रांगेत बसून सर्व पाहत होते. खेळ संपल्यावर त्यांनी मुलास विचारिले की, हे आपल्या पारावरच्या पद्धतीने खेळेल काय? त्यांच्या खेळात प्यादे पहिल्या वेळीही एकच घर चालते, व पलीकडे ज्या घरात पोहोचेल त्या घरच्या मोहऱ्याची त्यास बढती मिळते. देशी व युरोपीय नियमांतील हा भेद आपल्याकडे जुनाच आहे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचा युरोपीय पद्धतीस अनुसरून लिहिलेला बुद्धिबळाचा ग्रंथ मुंबईत १८१४ सालीच छापला गेला होता.

मुलाने तेथल्या तेथे मोजून सांगितले की, बाबांच्या पद्धतीत आरंभी २० ऐवजी १२ च चाली होतात, प्याद्यांच्या ८ व घोड्यांच्या ४, आणि दोन चालींनंतर ४०० ऐवजी १४४ पट. तिसऱ्या चालीची संख्या तो सध्या वहीत हाताने काढीत आहे. यंत्राने मोजलेली संख्या तिच्याशी जुळेपर्यंत वडिलांस खेळावयास बसवावयाचे नाही, असे त्याने ठरविले आहे.